जमीन विकायचीच असेल, तर चर्चा करून विका

अमेरिकेच्या पश्चिम भागातले शिकारी आणि पर्यावरणवादी सहसा एकमेकांच्या बाजूने उभे राहत नाहीत. 2025च्या जूनमध्ये ते राहिले. युटा राज्याचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली हे सिनेटच्या ऊर्जा व नैसर्गिक संसाधन समितीचे अध्यक्ष. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या कर आणि खर्चाच्या अवाढव्य विधेयकात आपल्या समितीचा वाटा म्हणून त्यांनी एक कलम घातलं. पश्चिमेकडच्या 11 राज्यांतली, केंद्र सरकारच्या मालकीची साधारण 22 ते 33 लाख एकर जमीन पाच वर्षांत विकलीच पाहिजे, असं ते कलम सांगत होतं. वरचा आकडा धरला तर ही जमीन आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडीच कमी भरते. राष्ट्रीय उद्यानं, स्मारकं आणि कायद्याने राखलेली अरण्यं वगळली होती. मोंटाना हे राज्यही वगळलं होतं, कारण तिथल्या रिपब्लिकन सिनेटरांचा जमीनविक्रीला विरोध आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरांची टंचाई दूर करणं हा उद्देश सांगितला गेला.

पुढे काय झालं ते थोडक्यात असं. 23 जूनच्या सुमारास सिनेटच्या नियम-सल्लागार एलिझाबेथ मॅकडोनो यांनी हे कलम अर्थसंकल्पी विधेयकात बसत नाही असा निर्वाळा दिला. ली यांनी ते आक्रसून पुन्हा मांडलं: वनखात्याची जमीन काढली आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय जमीन-खात्याची, तीही वस्तीपासून पाच मैलांच्या आतलीच, ठेवली. आयडाहोचे जिम रिश आणि माइक क्रेपो हे त्यांच्याच पक्षाचे दोन्ही सिनेटर तरीही विरोधात राहिले. 28 जूनला ली यांनी प्रस्ताव मागे घेतला. 4 जुलैला विधेयकावर सही झाली तेव्हा त्यात जमीनविक्री नव्हती.

बातमी तिथे संपली. माझ्या मते मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. सार्वजनिक जमीन कधीच विकू नये असं माझं म्हणणं नाही. ती कुठल्या दाराने विकली जाते, याला मी महत्त्व देतो. अर्थसंकल्पाच्या दाराने जमीन गेली तर तिच्याबद्दल विचारायचे सगळे प्रश्न दाराबाहेर राहतात, आणि ते योगायोगाने घडत नाही. त्या दाराची रचनाच तशी आहे.

आधी जमिनीबद्दल. अमेरिकेत केंद्र सरकारकडे सुमारे 64 कोटी एकर जमीन आहे. देशाच्या भूभागाचा हा चौथ्या हिश्शाहून मोठा वाटा, आपल्या महाराष्ट्राच्या आठपटीहून अधिक. नेवाडाची जवळपास 80 टक्के आणि युटाची 60 टक्क्यांहून अधिक जमीन केंद्राची. यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनसारखी नावाजलेली उद्यानं हा तिचा छोटा भाग आहे. सगळ्यांत मोठा तुकडा, साडेचोवीस कोटी एकरांच्या आसपास, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे आहे. लास वेगासहून झायन उद्यानाच्या दिशेने गाडीने जाणाऱ्या मराठी कुटुंबांना दोन्ही बाजूंना मैलोन् मैल जे ओसाड, झुडपी रान दिसतं, त्यातलं पुष्कळसं याच खात्याचं. त्यावर कुणाची तरी गुरं चरतात, कुणी हरणाच्या शिकारीला जातं, कुठे खाणीचा पट्टा दिलेला असतो, कुठे जुन्या शिलाचित्रांचे कातळ असतात. तिकीट नाही, कमान नाही. म्हणूनच तिच्याकडे बघणाऱ्याला ती रिकामी वाटते.

1976 साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, केलेल्या कायद्याने या जमिनीबद्दलचं धोरण स्पष्ट केलं: ती साधारणपणे केंद्राकडेच राहील. एखादा तुकडा विकणं राष्ट्रहिताचं आहे असं नियोजनाच्या प्रक्रियेतून ठरलं, तर तो विकता येईल. म्हणजे विक्रीची वाट आधीपासून आहे. तिच्यावर तपासणी आहे, स्थानिकांना बोलायची जागा आहे, वाजवी बाजारभावाची अट आहे. ली यांच्या कलमाने हा क्रम उलटा केला. किती विकायचं ते आधी ठरलं. कुठली जमीन, का आणि कुणासाठी, हे मागाहून ठरणार होतं.

हे अर्थसंकल्पातच का घालावं लागलं? सिनेटमध्ये साध्या विधेयकाला रोखून धरता येतं. चर्चा संपवायला 100पैकी 60 मतं लागतात, आणि तेवढी एका पक्षाकडे क्वचितच असतात. 1974च्या अर्थसंकल्प कायद्याने याला एक पळवाट ठेवली. तिला रिकन्सिलिएशन म्हणतात. त्या वाटेने आलेल्या विधेयकावर सिनेटमध्ये जास्तीत जास्त 20 तास चर्चा, मग दुरुस्त्यांवर एकामागून एक मतदान, आणि साध्या बहुमताने मंजुरी. 2025चं विधेयक सिनेटमध्ये 50-50 अडलं आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मताने पार पडलं. तूट आटोक्यात आणण्यासाठी केलेली ही सोय हळूहळू सगळ्या मोठ्या राजकीय इच्छांची वाहतूक करू लागली. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांना हे लवकर दिसलं. 1985 साली त्यांनी नियम आणला: ज्या कलमाचा पैशावरचा परिणाम हा केवळ आनुषंगिक आहे, ते या विधेयकात घालता येणार नाही. हरकत घेतली गेली तर ती ओलांडायला पुन्हा 60 मतं. याच नियमावर ली यांचा पहिला मसुदा अडकला.

बर्ड यांच्या नियमाने जमीन वाचवली म्हणून आनंद मानणाऱ्यांनी थोडं थांबावं. तो नियम जमिनीचं रक्षण करण्यासाठी नाही. उलट तो एक विचित्र गोष्ट करतो. विक्री आणि तिचे पैसे हे अर्थसंकल्पी म्हणून आत येऊ शकतात. पण विक्रीवरच्या अटी, म्हणजे घरं परवडणारीच हवीत, खरेदीदार सट्टेबाज नको, तिथल्या आदिवासी राष्ट्रांना आधी विचारा, या पैशाच्या नाहीत म्हणून बाहेर काढल्या जातात. चांगली विक्री या दारातून येऊच शकत नाही, वाईट मात्र येऊ शकते. हे टीकाकारांचं म्हणणं म्हणून सोडून देता येणार नाही. प्रस्ताव मागे घेताना खुद्द ली यांनी हेच कारण दिलं: या प्रक्रियेच्या कडक मर्यादांमुळे जमीन फक्त अमेरिकन कुटुंबांनाच मिळेल, चीनला, मोठ्या गुंतवणूक कंपन्यांना किंवा परकीयांना जाणार नाही, अशी अंमलात आणता येईल अशी हमी घालता आली नाही. सर्वांत उत्साही समर्थकालाच जर हमी देता येत नसेल, तर ती वाट चुकीची आहे हे त्याच्याच तोंडून सिद्ध झालं. ही कबुली मला त्या महिन्यातल्या सगळ्या भाषणांपेक्षा मोलाची वाटते.

दुसरा दोष हिशेबाचा. अर्थसंकल्पाची वही रोकड मोजते. जमीन विकली की पैसे जमेच्या बाजूला दिसतात. गेलेली जमीन खर्चाच्या बाजूला कुठेही दिसत नाही. वडिलोपार्जित शेत विकून त्या साली घर नफ्यात दाखवण्यासारखं हे आहे. 2017च्या जानेवारीत प्रतिनिधिगृहाने तर आपल्या नियमांत लिहूनच टाकलं की केंद्राची जमीन राज्यांना किंवा स्थानिक संस्थांना दिली तर त्याचा खर्च धरायचा नाही. चराईचं भाडं, खाणींचं उत्पन्न, लाकूड, पर्यटन, पाणलोट हे सगळं एका ओळीने शून्य झालं. आणि ज्यासाठी हे करायचं, ती तूट केवढी? काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने 2025च्या कायद्यामुळे दहा वर्षांत तूट सुमारे 3.4 लाख कोटी डॉलरने वाढेल असं सांगितलं. जमीनविक्रीतून अपेक्षित होते काही अब्ज डॉलर. या दोन आकड्यांची तुलनासुद्धा होत नाही. म्हणजे तूट हे कारण पुढे केलं तरी ते पुरेसं नव्हतं.

या वहीतले आकडे प्रत्यक्षात कसे उतरतात, ते अलास्काने दाखवलं आहे. आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानाच्या किनारी मैदानात, सुमारे 15 लाख एकरांत, तेल काढायचं की नाही हा वाद सिनेटमध्ये चार दशकांचा. 2005च्या डिसेंबरात अलास्काचे टेड स्टीव्हन्स यांनी ते कलम संरक्षण खर्चाच्या विधेयकाला जोडलं. वॉशिंग्टन राज्याच्या मारिया कँटवेल यांनी विरोध लावून धरला आणि चर्चा बंद करायला लागणारी 60 मतं स्टीव्हन्स यांना मिळाली नाहीत. 2017 मध्ये मात्र ऊर्जा समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष लिसा मर्कोव्स्की यांनी ते करकपातीच्या रिकन्सिलिएशन विधेयकात घातलं, आणि साध्या बहुमताने चाळीस वर्षांचा वाद निकालात निघाला. समितीला दहा वर्षांत 1 अब्ज डॉलर उभे करायचे होते, आणि पट्ट्यांच्या लिलावातून केंद्राच्या वाट्याला साधारण तेवढे येतील असा अंदाज होता. पहिला लिलाव 6 जानेवारी 2021 रोजी झाला. त्यात बोली आली सगळी मिळून 1 कोटी 44 लाख डॉलरची, आणि मुख्य बोलीदार होती अलास्का राज्याचीच एक सरकारी संस्था. मोठ्या तेल कंपन्या फिरकल्या नाहीत. 2025च्या जानेवारीतल्या दुसऱ्या लिलावात तर एकही बोली आली नाही. तिथले ग्विचिन आदिवासी ज्या कॅरिबूंच्या, म्हणजे रेनडिअर हरणांच्या, कळपांवर जगत आले आहेत, त्यांची वीण त्याच मैदानात होते. त्यांच्या दृष्टीने गमावण्यासारखं सगळं पणाला लागलं, खजिन्यात मात्र जवळपास काही आलं नाही. एवढं होऊनही 2025च्या कायद्यात त्याच मैदानासाठी आणखी किमान चार लिलाव बंधनकारक केले गेले. आकडा खोटा ठरला तरी तो मांडणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, कारण करकपातीच्या गोंगाटात तो कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता पश्चिमेकडच्या लोकांची तक्रार. ती मला खरी वाटते, आणि किनाऱ्यावरच्या शहरांत राहून तिला हसणं अन्यायाचं आहे. ज्या तालुक्याची दहापैकी नऊ एकर जमीन केंद्राची, त्याला त्या जमिनीवर मालमत्ता कर मिळत नाही. शाळा, रस्ते, पोलीस मात्र चालवावे लागतात. केंद्र त्याबदली काही रक्कम देतं, पण ती किती मिळणार हे दर वर्षी वॉशिंग्टनमध्ये ठरतं. चराईचा परवाना, वणव्यानंतरची बंदी, रस्त्याची परवानगी, सगळं दूरच्या कार्यालयातून. ऑगस्ट 2024 मध्ये युटा राज्याने 1 कोटी 85 लाख एकर जमिनीवरून केंद्राविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने तो दावा ऐकायला नकार दिला. ली यांच्या मागे हा राग उभा होता. शिवाय लास वेगाससारखी शहरं चहूबाजूंनी केंद्राच्या जमिनीने वेढलेली आहेत. तिथे घर बांधायला जागा हवी हे म्हणणं खोटं नाही.

पण लास वेगासनेच योग्य वाट दाखवून ठेवली आहे. 1998 साली नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड आणि रिचर्ड ब्रायन, आणि प्रतिनिधिगृहात जॉन एन्साइन, यांनी दोन पक्षांच्या संमतीने दक्षिण नेवाडासाठी स्वतंत्र कायदा करून घेतला. नकाशावर एक सीमा आखली. त्या सीमेच्या आतली ब्युरोची जमीन लिलावाने विकता येईल असं ठरलं. पैसे वॉशिंग्टनच्या तुटीत गेले नाहीत: 5 टक्के राज्याच्या शिक्षणाला, 10 टक्के पाणीपुरवठ्याला, उरलेले 85 टक्के एका खास खात्यात, ज्यातून नेवाडातलीच उद्यानं, पायवाटा आणि पर्यावरणदृष्ट्या नाजूक जमिनी सांभाळायच्या. परवडणाऱ्या घरांसाठी बाजारभावापेक्षा कमी दराने जमीन देण्याची मुभाही कायद्यातच लिहिली. लास वेगासमध्ये आज घरं स्वस्त आहेत असं कुणी म्हणणार नाही. जमीन मोकळी केली की घर आपोआप परवडतं, हा समज तिथे टिकलेला नाही. पण निदान कुठली जमीन, किती आणि पैसा कुठे, ही तिन्ही उत्तरं विक्रीच्या आधी लोकांसमोर होती.

आयडाहोतलं ओवायहीचं उदाहरण तर मला त्याहून मोठं वाटतं. राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या या खोल दऱ्यांच्या प्रदेशात गुरांचे मालक आणि संरक्षणवादी अनेक वर्षं कोर्टात भांडत होते. 2001च्या सुमारास त्यांनी एका टेबलाशी बसायचं ठरवलं. शोशोन-पायूट जमात, तालुक्याचे प्रतिनिधी, नदीत राफ्टिंग करणारे, सगळे त्यात होते. सिनेटर माइक क्रेपो यांनी त्या बोलण्यांना आधार दिला, सहमती झाली तसा तिचा कायदा करण्याचं काम अंगावर घेतलं. त्याला आठ वर्षं लागली. 2009च्या मार्चमध्ये कायदा झाला: 5 लाखांहून अधिक एकर कायमचं अरण्य, आणि त्याबरोबर गुरांच्या मालकांना हक्कांची निश्चिती आणि मोबदला. हाही कायदा एका मोठ्या गठ्ठ्यातून आला हे खरं. पण त्या गठ्ठ्यातली शंभरावर विधेयकं बहुतेक जमीन, नद्या आणि उद्यानांचीच होती, आणि ओवायहीवर तर गावागावात बोलून झालं होतं. सिनेटरचं काम म्हणजे काय, हे मला त्या आठ वर्षांत दिसतं. क्रेपो हेच 2025 मध्ये सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष होते. त्या महाविधेयकाचा करांचा सगळा भाग त्यांच्या हातचा. तरी जमीनविक्रीला त्यांनी नाही म्हटलं.

याच्या उलट टोकाला ओक फ्लॅट आहे. ॲरिझोनातल्या टोंटो राष्ट्रीय वनातली ही सुमारे 2,400 एकर जमीन अपाचे आदिवासींसाठी पवित्र आहे. खाली तांब्याचा मोठा साठा आहे. ती रिओ टिंटो आणि बीएचपी यांच्या कंपनीला अदलाबदलीने द्यावी यासाठी स्वतंत्र विधेयकं वर्षानुवर्षं आली आणि अडली. 2014च्या डिसेंबरात, सिनेटर जॉन मकेन आणि जेफ फ्लेक यांच्या पुढाकाराने, ते कलम संरक्षण खात्याच्या अधिकारपत्र विधेयकात गेलं. सैनिकांच्या पगाराचं विधेयक कुणी पाडत नाही. पुढे अपाचे लोक विरोध करत राहिले, 2021पासून कोर्टात लढले, आणि 2025च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका ऐकायला नकार दिला. स्वतंत्र विधेयक म्हणून जे दर वेळी अडत होतं, ते दुसऱ्याच विषयाच्या पोटात शिरून जिंकलं. या जमिनी मुळात आदिवासी राष्ट्रांकडून घेतलेल्या आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दलची चर्चा टाळणं हा तर दुप्पट अन्याय आहे.

हा केवळ अमेरिकेचा आजार आहे असं आपल्याला म्हणता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम 110 प्रमाणे धनविधेयक ठरलं की राज्यसभेला ते 14 दिवसांत शिफारशींसह परत पाठवण्यापलीकडे अधिकार नाही. 2016 मध्ये आधारचा कायदा याच वाटेने गेला. 2017च्या वित्त कायद्यात देशभरच्या न्यायाधिकरणांची रचनाच बदलली गेली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले आणि धनविधेयकाचा मूळ प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. आपल्या गायरानांची गोष्ट तर याहून बिकट आहे. त्यांचे निर्णय बहुतेक वेळा विधिमंडळातसुद्धा येत नाहीत, सरकारी आदेशाने होतात. 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला गावच्या सामायिक जमिनींसाठी राज्यांना बजावावं लागलं, ते याचमुळे. सिनेटमधला वाद आपण परक्याचा तमाशा म्हणून पाहू नये.

उपाय अवघड नाही. अमेरिकेच्या अर्थसंकल्प कायद्यात रिकन्सिलिएशनला एक अपवाद आधीच आहे: सोशल सिक्युरिटी, म्हणजे निवृत्तांचं केंद्रीय वेतन, त्या वाटेने बदलता येत नाही. वृद्धांच्या हक्काला घाईच्या विधेयकापासून जे संरक्षण आहे, तेच सार्वजनिक जमिनीच्या मालकीला द्यावं. ज्यांना विकायची आहे त्यांनी रीड आणि क्रेपो यांच्यासारखं स्वतंत्र विधेयक आणावं, नकाशा मांडावा, सुनावण्या घ्याव्यात, 60 मतं जमवावीत. एप्रिल 2025 मध्ये, महाविधेयकाचा आराखडा ठरत असताना, न्यू मेक्सिकोचे मार्टिन हाइनरिक आणि कोलोरॅडोचे जॉन हिकनलूपर यांनी सार्वजनिक जमिनीच्या विक्रीतून तूट भरायला मनाई करणारी दुरुस्ती आणली होती. मोंटानाचे दोन्ही रिपब्लिकन सिनेटर, स्टीव्ह डेन्स आणि टिम शीही, तिच्या बाजूने गेले. दुरुस्ती थोडक्या मतांनी पडली. आयडाहोच्या दोघांनी विरोध जाहीर केला तो त्यानंतर, जूनमध्ये. म्हणजे एप्रिलमध्ये कमी पडलेली मतं आता सिनेटमध्ये बसलेली आहेत. ती दुरुस्ती पुन्हा, आणि या वेळी कायमच्या कायद्याच्या रूपात, मतदानाला आणण्याची जबाबदारी हाइनरिक आणि डेन्स यांच्यावर आहे.